रिकाम्या गाडीचं वजन

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

आज बायजीला तोललं. पाच किलो.

वाचायला सोपं आहे, पण आमच्या मांजरीला तोलणं म्हणजे गंमत नव्हे. नुसता काटा मांडला तर ती त्याचा वास घेते, हे आपल्याला पसंत नाही असं तोंड करते आणि कपाटावर जाऊन बसते. मी उचललं तर मनगटावर ओरखडे. सुगंधाच्या कडेवर मात्र तान्ह्या पोरासारखी बसते. म्हणून मी युक्ती काढली. आधी सुगंधा एकटी काट्यावर, अठ्ठावन्न. मग बायजीला घेऊन, त्रेसष्ट. वजाबाकी पाच.

बायजी तेरा वर्षांची झाली आणि दिवाळीत दोनदा ओकली, म्हणून तिला डॉ. नंदकुमार पाठारेंकडे नेलं होतं. डॉक्टर एरवी तबेल्यातल्या म्हशी बघतात, पण बायजीलाही त्यांनी तितक्याच आदराने तपासलं. म्हणाले, "काका, म्हातारी मांजर दुखणं सांगत नाही. लपवते. दर आठवड्याला वजन करत जा. घटायला लागलं की इकडे या."

काटा जावयाचा. आमच्या लेकीने, अनुपमाने, चेंबूरहून आणून दिला. जावईबापूंनी वजन उतरवायला घेतला होता, आठवडाभर आकडे बघितले आणि पलंगाखाली ढकलून दिला. मी त्यावर तांदळाची पिशवी ठेवून तपासला. चोख आहे.

वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको. अख्खी नोकरी मी भांडुपच्या कारखान्यात गेटवरच्या वजनकाट्यावर काढली. ट्रक भरून यायचा, त्याच्या दारावर रिकाम्या गाडीचं वजन रंगवलेलं असायचं. एकूण वजनातून ते वजा केलं की माल किती ते कळलं. त्याच पद्धतीने मी आज खडूने आमच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात ५८ लिहिलं. सुगंधा हातातलं भांडं टाकून धावत आली आणि तिने ते पदराने पुसलं.

"शेजारणी बघतल्यो! आणि आता परत माका एकटीक तोलूचा नाय, सांगान ठेवतंय. मी काय तुरीची डाळ?"

लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, पण रागावली की अजून मालवणातच असते. असू दे. अठ्ठावन्न माझ्या डोक्यात पक्कं आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

साडेबासष्ट. म्हणजे बायजी साडेचार. अर्धा किलो उतरली.

सुगंधाला सांगितलं. दुपारी बघतो तर आपल्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा काटे काढून बायजीपुढे ठेवलेला आणि स्वतः शेपटी चघळत बसलेली. मी म्हटलं, अगो, तू जेव की. म्हणाली, "माका भूक नाय तशी. तिका खाऊंदे."

हिचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. बायजी या घरात आली तीच सुंदराबाई कोळणीच्या पाटीतून. सुंदराबाईने दारात पाटी उतरवली आणि पापलेटांमधून मुठीएवढं पिल्लू बाहेर आलं. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. सुगंधाने कापसाच्या वातीने दूध पाजून तिला जगवलं. मी तेव्हा म्हणालो होतो की चार दिवसांत मरेल. त्या बाबतीत माझा अंदाज चुकला. पण तो नुसता अंदाज होता, वजन करून सांगितलेलं नव्हतं.

रविवार, १४ डिसेंबर

बायजी चार किलोवर आली. गेल्या रविवारीही चारच होती. काल डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉ. पाठारेंनी तिचं पोट चाचपलं, बरगड्यांवरून बोटं फिरवली. म्हणाले, "हाताला तर चांगली भरलेली लागते हो."

मला जरा हसूच आलं. हाताला म्हणजे काय? हात म्हणजे काटा आहे का? मी त्यांना आठवड्यांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. मग ते गंभीर झाले. पोट मोठं दिसतंय ते पाण्याने फुगलेलं असू शकतं, म्हणाले, रक्त तपासू या. पुढच्या पायातून रक्त काढायचं होतं. बायजी गुरगुरली, पण सुगंधाने तिच्या कानात काहीतरी म्हटलं आणि ती शहाण्यासारखी पाय पुढे करून राहिली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, माझ्याकडे नोकरीला या. म्हशी धरायला चार गडी लागतात मला."

बाहेर आल्यावर सुगंधाने रसवंतीत उसाचा रस प्यायला. मग आणखी एक ग्लास. मग घरी येऊन तांब्याभर पाणी. एवढं उन्हातून चालत जायचं, चार किलोचं जनावर कडेवर घेऊन, आणि तक्रारीचा शब्द नाही. मी नुसता छत्री धरून चालत होतो.

बुधवार, १७ डिसेंबर

रक्ताचा रिपोर्ट परळहून आला. मूत्रपिंड वयाच्या मानाने ठीक. बाकीही सगळं ठीक.

म्हणजे आता दोन गोष्टी उरतात. एक तर रिपोर्ट चुकला किंवा वजन चुकलं. वजन चुकणं शक्य नाही.

मला त्या भंगाराच्या ट्रकची आठवण झाली. सगळे कागद चोख, सगळ्यांच्या सह्या, आणि तरी माझं मन खात होतं. मी ट्रक रिकामा करायला लावला आणि पुन्हा काट्यावर चढवला. मालकाने खालून लोखंडी पत्रे ठोकून गाडी जड केली होती आणि दारावर आकडा जुनाच ठेवला होता. दर खेपेला तेवढं लोखंड तो आम्हाला विकत होता! साहेबांनी सगळ्या खात्यासमोर माझी पाठ थोपटली. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे, कागद काहीही म्हणो, काट्याचं ऐकायचं.

रविवार, २८ डिसेंबर

साडेतीन.

आणि नवीन भानगड. मोरीत मुंग्या लागल्या आहेत. काळ्या, बारीक, सकाळी बघावं तर मोरीच्या कोपऱ्यात रांग. बायजी म्हातारपणामुळे हल्ली जिना उतरत नाही, मोरीतच जाते. मी लगेच डॉक्टरांना जाऊन सांगितलं. म्हणाले, "मुंग्या? मग साखर असेल. लघवी तपासा. वजन का घटतंय त्याचाही उलगडा होईल." त्यासाठी औषधाच्या दुकानात एक निळं पाणी मिळतं. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर थोडी थोडी. विटेसारखं लाल झालं तर भरपूर.

सुगंधा रोज सकाळी मोरी खसाखसा घासते, तरी दुसऱ्या दिवशी मुंग्या हजर. बिचारीची झोपही पुरी होत नाही. रात्री तीन-तीनदा उठते. कुठे जातेस विचारलं तर म्हणते, "बायजीक बघूक." या वयात एवढी माया! मी आपला कूस बदलून झोपतो.

शुक्रवार, २ जानेवारी १९८७

परीक्षा झाली. मांजरीची लघवी मिळवणं हे केवढं काम आहे ते केल्याशिवाय कळणार नाही. सुगंधाने मोरी कोरडी करून भोकात फडकं कोंबलं आणि बायजीची मर्जी होईपर्यंत बाजूला पाटावर बसून राहिली, लसूण सोलत, जणू आपलं तिकडे लक्षच नाही. बायजीला कोणी बघितलेलं चालत नाही. काम होताच हिने शाईच्या ड्रॉपरने अलगद ओढून घेतली.

मी चिमट्यात नळी धरून स्टोव्हवर उकळली. आम्ही दोघं डोळ्यांत तेल घालून बघत होतो. बायजी कपाटावरून.

निळंच राहिलं. आकाशासारखं स्वच्छ निळं.

सुगंधाने हात जोडले. मी मात्र बुचकळ्यात पडलो. साखर नाही, मूत्रपिंड बरं, खाणं तर पहिल्यापेक्षा दुप्पट. मग वजन जातंय कुठे? आणि मुंग्या कशासाठी येतात?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. कासारीण आली होती. सुगंधाने हिरव्या बांगड्या भरल्या, नेहमीपेक्षा एक माप लहान. कासारीण म्हणाली, "वहिनी, हात कोवळे झाले तुमचे." मी खुर्चीतून ऐकत होतो. खरंच, बायका या वयात सुटतात आणि हिचे हात लग्नातल्यासारखे झाले आहेत. परवाच तिच्या जुन्या बांगड्या कणीक मळताना आपोआप परातीत गळून पडल्या होत्या. मी तिला म्हटलं, "बघ, मांजरीच्या मागे धावून धावून तू मुलगी झालीस."

हसली. म्हणाली, "तुमचा आपला कायतरीच." मग तिळाचे लाडू वळायला बसली, एक तोंडात, एक डब्यात. दमली होती, भिंतीला टेकून वळत होती.

रविवार, १ फेब्रुवारी

साडेसाठ. बायजी अडीच किलो.

पाचाची अडीच झाली. अर्धी मांजर गेली. आणि ती मात्र कपाटावर बसून अंग चाटते आहे, शेपूट खाली सोडून, एखाद्या राणीसारखी. काय हिंमत म्हणायची! मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. डॉक्टर म्हणाले ते खरं, म्हातारी मांजर दुखणं सांगत नाही.

मी आज एक विचार केला आणि तो सुगंधाला सांगायचं धाडस होत नाही. एवढं आतून झिजत जाण्यापेक्षा इंजेक्शन बरं नाही का?

शनिवार, ७ फेब्रुवारी

सांगितलं. डॉक्टरांशी बोलून आलो होतो. ते म्हणाले, "आधी सोमवारी घेऊन या, मला पुन्हा बघू दे. मग ठरवू." पण मला माहीत आहे ठरवायचं ते काय.

सुगंधा भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "ती माझ्याकडे बघता तेवा माका कळता. ती मराक नाय टेकली."

"काटा सांगतोय गो."

"काट्याक डोळे आसत?"

मी म्हटलं, सोमवारी जाऊ. तिने मान हलवली. उठताना भिंतीचा आधार घेतला आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. बायजीच्या काळजीने ही खचली आहे. सोमवारचं सगळं पार पडलं की हिला थोडे दिवस अनुपमाकडे पाठवावं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी रद्दीवाला राजाराम आला. त्याने दारात बैठक मारली, तागडी जमिनीवर ठेवली आणि मी आतून पेपर आणायला गेलो. परत येतो तर बायजी कपाटावरून उतरून त्याच्या रिकाम्या पारड्यात जाऊन बसलेली. पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून. तीन महिने जी काट्याला शिवली नाही ती आपण होऊन तागडीत!

राजाराम हसायला लागला. "काय काका, हिला पण काढायची काय रद्दीत?" म्हणत त्याने गमतीने दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. पाच किलोचं टाकलं. बायजी हलली नाही. वर एक किलोचं. वर अर्ध्याचं. तेव्हा कुठे दांडी सरळ झाली.

"साडेसहा! झकास पोसलीय तुम्ही. माझी बायको मला एवढं घालत नाही."

मी म्हणालो, "तुझी तागडी खोटी आहे." ती आहेच. राजारामची तागडी मारते हे सगळ्या मुलुंडला ठाऊक आहे. आणि हे बोलता बोलताच माझ्या अंगावर काटा आला. रद्दीवाल्याची तागडी मारते ती कमी दाखवून. दहा किलो पेपर नऊ भरतो, कधी अकरा भरत नाही. म्हणजे बायजी साडेसहा तर आहेच, वर थोडी जास्तच असेल.

मग साडेसाठातून साडेसहा गेले तर उरले किती?

सुगंधा राजारामला पाणी द्यायला आली होती. त्याला पेला देण्याआधी ती स्वतः घटाघटा एक पेला प्यायली. मी तिच्याकडे बघितलं. तीन महिने मी दर रविवारी तिच्या पायांशी वाकून काट्यावरचा आकडा वाचत होतो आणि एकदाही मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं. ब्लाउजची बाही दंडावर लोंबत होती. गळ्याची हाडं वर आली होती. हिरव्या बांगड्या, लहान मापाच्या, त्याही कोपरापर्यंत जात होत्या.

राजाराम गेल्यावर मी काटा ओढला. "ये, उभी राहा."

"थांबा, बायजीक घेतंय."

"बायजी नको. एकटी ये."

मला वाटलं भांडेल, तुरीची डाळ म्हणेल. ती चप्पल काढून गुपचूप काट्यावर चढली. त्यानेच मी जास्त घाबरलो.

साडेत्रेपन्न.

चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काटा चोख होता.

तिने वरूनच विचारलं, "किती?" मी सांगितलं. ती खाली उतरून पलंगावर बसली. बायजी तिच्या मांडीत.

"माका थोडा म्हायत होता," म्हणाली. "बांगड्यो सुटाक लागल्यो तेवाच कळला. तहान, चक्कर, रात्री दहादा उठणा. पण तुमी दर आयतवारी सांगतास, बायजी घटली, बायजी घटली. म्हटला आधी तिचा काय ता होऊंदे. माझा मागाहून बघू."

म्हणजे मोरीत मुंग्या बायजीमुळे नव्हत्या.

मी ज्याचं ज्याचं कौतुक या डायरीत लिहिलं ते पुन्हा वाचून काढलं. तिची तहान, तिचं रात्रीचं उठणं, तिचे कोवळे हात. मी तिच्या दुखण्याचं कौतुक करत होतो. रिकाम्या गाडीचं वजन एकदा घेतलं आणि ती गाडी कधी बदलणारच नाही असं धरून चाललो. भंगाराचा ट्रक मला कळला होता आणि माझी बायको कळली नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

निळं पाणी बाटलीत उरलं होतं. परीक्षानळी तीच, चिमटा तोच. आज बायजीऐवजी सुगंधाची.

उकळी फुटायच्या आधीच रंग पालटला. हिरवा झाला, पिवळा झाला, आणि मग तळापासून वरपर्यंत विटेसारखा लाल. तिने चिमटा माझ्याकडून घेऊन नळी उजेडात धरली आणि म्हणाली, "रंग बरो आसा, लुगड्याक."

डॉ. पाठारेंकडे जायच्या वेळेला आम्ही माणसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त काढलं. बायजीच्या वेळी हिने तिच्या कानात काय सांगितलं होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी नुसता हात धरला.

साखर खूप आहे. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर असंच चाललं असतं तर बेशुद्ध होऊन आणावं लागलं असतं. वेळेवर आलात. त्यांना काय माहीत, आम्हाला कोणी आणलं ते.

संध्याकाळी सुंदराबाईकडून एक अख्खं पापलेट आणलं आणि बायजीपुढे ठेवलं. तिने मधला भाग खाल्ला आणि शेपटी माझ्यासाठी ठेवली.

रविवार, १५ मार्च

घरात आता दोघींना पथ्य आहे. सुगंधाला गोळ्या, भात मोजका, साखर बंद. बायजीला डॉ. पाठारेंनी तंबी दिली आहे, एक किलो उतरवायचा. डॉक्टर मला म्हणाले, "मी हाताने सांगत होतो हो काका." मी मान खाली घातली. हात म्हणजे काटा नसतो, पण तो निदान मांजरीवर ठेवलेला असतो.

निळं पाणी आता रोज सकाळी उकळतो. लाल गेला. चार दिवस पिवळा होता, आज हिरवट. मुंग्याही कमी झाल्या. ही पुन्हा मला टाकून बोलायला लागली आहे, याचा अर्थ अंगात शक्ती येते आहे.

आज तिला तोललं. एकटीला. पंचावन्न. मी आनंदाने "पंचावन्न!" असं ओरडलो तर म्हणाली, "हळू! शेजारणी ऐकतल्यो." खाली उतरली आणि मला म्हणाली, "आता तुमी चढा."

"मी कशाला? मी ठणठणीत आहे."

"मी पण तसाच सांगी होतंय."

मी आयुष्यभर ट्रक तोलले. मला स्वतःला कधी कोणी तोललं नव्हतं. चढलो. ती गुडघे टेकून, माझा चष्मा स्वतःच्या नाकावर लावून, कितीतरी वेळ आकडा वाचत राहिली. मग उठली, खडू शोधला आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, ६७. त्याच्या खाली, जरा बारीक, ५५.

मी म्हटलं, "आता शेजारणी नाही का बघत?"

"बघूंदे. दर आयतवारी पुसूचा आणि नवा लिवूचा. जुना ठेवूचा नाय."

बायजी तेवढ्यात काट्यावर येऊन बसली होती. आम्ही तिला उठवलं नाही.